वाईनच्या द्राक्षांची लहान बाग : छाटणीपासून पिंपापर्यंत

द्राक्षाची बाग नाशिक जिल्ह्यास नवी नाहीं. भोकरी, फकडी, साहेबी या जुन्या जाती पांगाऱ्याच्या जिवंत खुंटांवर चढवून आपल्या वाडवडिलांनीं येथें द्राक्षें पिकविलीं, आणि वर्षांतून दोन छाटण्या व एक पीक ही रीतहि त्यांच्याच काळापासून चालत आली आहे. वाईनच्या जातींची लागवड मात्र त्या मानानें अलीकडची आहे. गेल्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत तिचा आरंभ झाला. २००१ सालीं महाराष्ट्र सरकारनें द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें, नाशिक जिल्ह्यांत विंचूर येथें व सांगली जिल्ह्यांत पलूस येथें वाईन पार्क उभारण्यांत आले, आणि पुष्कळ बागाईतदारांनीं खाण्याच्या द्राक्षांशेजारीं या नव्या जाती लावल्या. पुढें २००८-०९ च्या मंदींत मागणी एकाएकीं उतरली, माल उचलला जाईना, आणि अनेकांनीं उभ्या वेली उपटून टाकल्या.

हा धडा विसरण्यासारखा नाहीं. खाण्याच्या द्राक्षास एक व्यापारी न आला तर दुसरा येतो, आणि कोणीच न आला तर निदान बेदाणा करतां येतो. वाईनचें द्राक्ष बारीक मण्याचें व बियांचें असतें. तें बाजारांत खाण्यासाठीं कोणी घेत नाहीं व त्याच्या बेदाण्यासहि गिऱ्हाईक नसतें. त्याला एकच वाट, ती पिंपाची. म्हणून जो बागाईतदार दोन-तीन एकर या जातींखालीं घालूं इच्छितो, त्यानें पिंपांत काय घडतें हें समजून घेऊनच छाटणीची कात्री हातांत धरावी. या पिकांत वजनाला दुय्यम मान आहे. रसांतील साखर व आम्ल यांचा मेळ हें खरें उत्पन्न होय. पुढें दिलेला वर्षक्रम या एका दृष्टीनें वाचावा.

१. जमीन, खुंट व जात

जमीन हलकी ते मध्यम, मुरमाड व चांगल्या निचऱ्याची असावी. भारी काळ्या जमिनींत वेलीस पानोरा फार येतो, घड सावलींत राहतात, बुरशी वाढते आणि साखर भरत नाहीं. खाण्याच्या द्राक्षांसाठीं डॉगरीज हा खुंट आपल्याकडे सर्वत्र चालतो; परंतु तो वेलीस जोर फार देतो. वाईनच्या जातींस ११० आर हा मध्यम जोराचा खुंट अधिक मानवतो. खुंट जानेवारी-फेब्रुवारींत लावून ऑगस्ट-सप्टेंबरांत त्यावर कलम बांधावें. पहिलें पीक खुंट लावल्यापासून सुमारें दोन वर्षांनीं हातीं येतें. तोंपर्यंत तारा, खांब, ठिबक व मजुरी हा सर्व खर्च पदरचा असतो, हें आरंभींच ध्यानांत घ्यावें.

ओळींत आठ फूट व वेलींत चार फूट अंतर ठेवल्यास एकरीं सुमारें १,३६० वेली बसतात. फूट तारांमधून उभी चढवावी. मांडवापेक्षां या पद्धतींत घडांभोंवतीं वारा खेळतो, फवारा सर्वत्र पोंचतो व तोडणीस सोपें जातें. ओळी दक्षिणोत्तर असल्यास सकाळचें ऊन एका बाजूस व दुपारचें दुसऱ्या बाजूस मिळतें. घडांजवळचीं पानें विरळ करावयाचीं झाल्यास तीं पूर्वेकडील काढावीं. पश्चिमेकडील ठेवावीं, नाहीं तर दुपारच्या उन्हानें मणी भाजतात.

पांढऱ्या वाईनसाठीं सोव्हिन्याँ ब्लाँ व शेनिन ब्लाँ, आणि तांबड्या वाईनसाठीं शिराझ व कॅबर्ने सोव्हिन्याँ या जाती आपल्याकडे रुळल्या आहेत. लहान बागेंत दोहोंपेक्षां अधिक जाती लावूं नयेत. त्यांतहि एक लवकर पिकणारी, जशी सोव्हिन्याँ ब्लाँ, व एक उशिरा पिकणारी, जशी कॅबर्ने, अशी जोडी निवडल्यास घरच्या माणसांना तोडणी उरकते आणि एकाच आठवड्यांत सगळा भार येत नाहीं. सोव्हिन्याँ व शेनिन यांचे घड घट्ट असतात. त्यांत ओल अडकून कूज शिरते, म्हणून त्यांना वाऱ्याची जागा द्यावी.

२. खरड छाटणी : एप्रिल ते जून

फ्रान्समध्यें वेल हिंवाळ्यांत पानें गाळून झोपी जाते. तेथें छाटणी वर्षांतून एकदां व तोडणी बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरांत होते. आपल्याकडे तेवढी थंडी पडत नाहीं आणि वेल झोपत नाहीं. म्हणून आपण ती दोनदां छाटून तिचें वर्ष आपल्या ऋतूंशीं जुळवून घेतों. फळ पावसांत सांपडूं नये व थंडींत पोसावें, हा त्यांतील हेतु.

तोडणीनंतर वेलीस थोडा विसावा देऊन एप्रिलमध्यें खरड छाटणी करावी. ओलांड्यावरील जुनी काडी एक डोळा राखून कापावी. नवी फूट आल्यावर वेलीमागें चौदा-पंधरा सशक्त काड्या ठेवून बाकीच्या कोंवळ्या असतांनाच खुडाव्या. दाटी केली तर काड्या बारीक राहतात व आंतील डोळ्यांस ऊन मिळत नाहीं.

छाटणीनंतर सुमारें चाळीस ते साठ दिवसांच्या मुदतींत डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिति होते. पुढील फेब्रुवारींतील घड येथें, मे-जूनच्या उन्हांत, डोळ्याच्या आंत ठरतो. या दिवसांत पाणी व नत्र बेतानें द्यावें, स्फुरद पुरेसें असावें, आणि पानांवर ऊन पडूं द्यावें. या वेळीं पाणी व नत्र यांचा मारा केल्यास वेल जोमानें वाढते, पण डोळ्यांत घडाऐवजीं बाळी तयार होते. ऑक्टोबरांत छाटणी करून मग घड कां आले नाहींत म्हणून हळहळण्यांत अर्थ नसतो. चूक पांच महिन्यांपूर्वींची असते.

३. पावसाळा : काडी पक्व करणें व पान राखणें

जूनपासून सप्टेंबरपर्यंत बागेंत फळ नसतें, म्हणून पुष्कळांचें लक्ष इतर पिकांकडे जातें. परंतु याच काळांत काडी पक्व होते व तिच्यांत अन्नाचा सांठा होतो. पान रोगानें गळालें तर हा सांठा होत नाहीं. केवडा व करपा हे पावसाळ्यांतील मुख्य शत्रु. ढगाळ पण कोरड्या हवेंत भुरी येते.

यांपैकीं केवड्यावर बोर्डो मिश्रण हें जुनें व खात्रीचें औषध आहे. फ्रान्सच्या बोर्डो प्रांतांत वाटसरूंनीं घड चोरूं नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडण्याची चाल होती. त्याच वेली केवड्यापासून वांचल्याचें मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञानें पाहिलें, आणि १८८५ सालीं त्यानें या मिश्रणाची कृति प्रसिद्ध केली. एक टक्क्याचें मिश्रण करावयाचें तर मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो व पाणी १०० लिटर घ्यावें. मोरचूद लोखंडी भांड्यांत भिजवूं नये. चुन्याची निवळ निराळी करून गाळून घ्यावी, व मोरचुदाचें पाणी चुन्याच्या पाण्यांत हळूहळू ओतून ढवळावें. स्वच्छ विळ्याचें पातें मिश्रणांत क्षणभर बुडवून पाहावें. त्यावर तांबूस थर चढल्यास आणखी चुना घालावा. मिश्रण त्याच दिवशीं वापरावें. कोंवळ्या फुटीवर त्याचें प्रमाण निम्मेंच ठेवावें.

दोन ओळींत ताग किंवा धैंचा पेरून फुलावर येण्यापूर्वीं गाडल्यास जमीन सुधारते. ऑगस्टनंतर वाढणारे शेंडे मारावे, म्हणजे काडी तपकिरी होऊन कडक बनते. हिरवी काडी घेऊन गोडी छाटणीस जाणें म्हणजे बीं न पेरतां कापणीची वाट पाहणें होय.

४. गोडी छाटणी : सप्टेंबर ते डिसेंबर

या छाटणीची तारीख निवडणें हें वर्षांतील सर्वांत नाजूक काम. फार लवकर छाटल्यास कोंवळे घड परतीच्या पावसांत सांपडतात व केवड्यानें एका रात्रींत जळतात. फार उशीर केल्यास फळ मार्चच्या उन्हांत पिकतें, साखर झपाट्यानें चढते पण आम्ल उडून जातें, आणि वाईन सपक होते. नाशिककडे सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतचा काळ सामान्यतः साधतो. छाटणीपूर्वीं कांहीं काड्या प्रयोगशाळेंत देऊन कितव्या डोळ्यांत घड आहे हें तपासून घ्यावें व त्याप्रमाणें काडीची लांबी राखावी.

डोळे एकसारखे फुटावे म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात. हें औषध विषारी आहे. हातमोजे, चष्मा व अंगभर कपडे घातल्याशिवाय त्यास हात लावूं नये. आणि लावणाऱ्यानें त्या दिवशीं व पुढील कांहीं दिवस दारूचा थेंबहि घेऊं नये, कारण हें द्रव्य शरीरांत गेलेलें असतांना मद्य घेतल्यास प्रकृति गंभीर होते. मजुरांना हें स्पष्ट सांगणें हें मालकाचें कर्तव्य आहे.

खाण्याच्या द्राक्षांची सवय असलेल्यास यापुढें आपला हात आवरावा लागतो. तेथें मणी फुगविण्यासाठीं जिब्रेलिक ॲसिड देतात. येथें तें देऊं नये. तांबड्या वाईनचा रंग व तुरटपणा सालींत असतो. मण्याचा व्यास दुप्पट झाला तर रस आठपट होतो, पण साल चौपटच होते. अर्थात् रसाच्या मानानें साल निम्मी पडते. म्हणून बारीक मणी हा येथें दोष नसून गुण आहे.

घडांची संख्याहि आवरावी. घड सुमारें १४० ग्रॅमचा धरून वेलीवर पंचवीस घड राखले तर वेलीस साडेतीन किलो, व एकरीं पावणेपांच टनांच्या आसपास माल येतो. त्याच वेलीवर दुप्पट घड ठेवतां येतात, परंतु मग साखर भरण्यास तीन-चार आठवडे अधिक लागतात, व तेवढ्यांत उन्हाळा येऊन ठेपतो.

५. पाडाची परीक्षा व तोडणी : जानेवारी ते मार्च

मण्यांत पाणी उतरूं लागलें, म्हणजे मणी मऊ होऊन काळ्या जातींत रंग भरूं लागला, कीं ठिबकाचें पाणी कमी करावें. पांखरांसाठीं जाळी लावावी. पिठ्या ढेकणाकडे लक्ष ठेवावें; त्याच्या चिकट स्रावावर काळी बुरशी चढते व तो माल कोणी स्वीकारीत नाहीं.

या वेळच्या फवारणीचा संबंध थेट पिंपाशीं येतो. तोडणीच्या तोंडावर गंधक मारल्यास तें रसांत उतरतें व आंबवतांना कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. तांबें अधिक राहिल्यास यीस्ट मंदावतें व सोव्हिन्याँ ब्लाँचा सुगंध जातो. प्रत्येक औषधाची तोडणीपूर्व मुदत पाळावी व तारीखवार नोंद ठेवावी. खरेदीदार ती मागतो, आणि मागावीच.

पाड पाहण्यास एखादा गोड घड चाखून भागत नाहीं. ओळीच्या दोन्ही बाजूंनीं, उन्हांतील व सावलींतील, वरच्या व खालच्या भागांतील मिळून शंभर-दोनशें मणी घेऊन त्यांचा एकत्र रस काढावा व रिफ्रॅक्टोमीटरनें साखर पाहावी. पांढऱ्या जाती सुमारें २० ते २२ ब्रिक्सला व तांबड्या २२ ते २४ ब्रिक्सला तोडतात. रसाचा पीएच पांढऱ्यांत ३.२ ते ३.४ व तांबड्यांत ३.४ ते ३.६ असावा. प्रत्येक ब्रिक्समागें सुमारें ०.५५ ते ०.६ टक्का अल्कोहोल होतें. म्हणजे २२ ब्रिक्सच्या रसाची वाईन साधारण १२ ते १३ टक्क्यांची होते. शेवटच्या पंधरवड्यांत ही परीक्षा दर दोन-तीन दिवसांनीं करावी. आकडे वहींत एकाखालीं एक लिहिले कीं साखरेची चढती व आम्लाची उतरती चाल आपोआप दिसते, आणि तोडणीचा दिवस अंदाजानें ठरविण्याची गरज राहत नाहीं.

तोडणी पहांटेपासून ऊन चढेपर्यंतच करावी. मणी फुटूं नयेत म्हणून उथळ क्रेट वापरावे, व माल त्याच दिवशीं पोंचवावा. उन्हांत उभ्या राहिलेल्या गाडींत रस आपोआप आंबूं लागतो.

६. पिंपांतील काम

येथें एक गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे. महाराष्ट्रांत १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे, व परवान्याशिवाय घरीं वाईन करणें हा गुन्हा आहे. मग ती स्वतःच्या द्राक्षांची व स्वतःच्या घरापुरती कां असेना. ज्यास स्वतः वाईन करावयाची असेल त्यानें राज्य उत्पादन शुल्क विभागाचा व अन्न सुरक्षेचा परवाना आधीं मिळवावा. परंतु ज्यास केवळ माल विकावयाचा आहे त्यानेंहि पुढील क्रम जाणून घ्यावा. म्हणजे खरेदीदार अमुक साखर व अमुक आम्ल कां मागतो हें कळतें.

पांढऱ्या वाईनसाठीं द्राक्षें थंड करून, देंठ काढून लगेच दाबतात. रस रात्रभर निवळूं देऊन गाळावरून काढतात व १२ ते १८ अंश सेल्सिअसवर सावकाश आंबवितात. तांबड्या वाईनसाठीं मणी फोडून सालीसह २४ ते ३० अंशांवर आंबवितात. साली वर तरंगून जाड थर बनतो. तो दिवसांतून दोन-तीन वेळां खालीं दाबावा लागतो, म्हणजे रंग उतरतो व वरचा थर आंबट होत नाहीं.

रसांतील साखरेचें अल्कोहोल करणारा जीव म्हणजे यीस्ट. लुई पाश्चर यानें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हें सिद्ध केलें व वाईन नासविणारे जंतु निराळे असतात हेंहि दाखविलें. पिंपांतील सगळी स्वच्छता या एका शोधावर उभी आहे. १०० लिटर रसास २० ते २५ ग्रॅम कोरडें यीस्ट कोमट पाण्यांत भिजवून घालतात. त्यापूर्वीं नको असलेले जंतु दबावे म्हणून पोटॅशियम मेटाबायसल्फाइट देतात. त्यांतून सुमारें ५७ टक्के सल्फर डायॉक्साइड मिळतो, म्हणून १०० लिटरांस ९ ग्रॅम दिल्यास लिटरमागें सुमारें ५० मिलिग्रॅम होतो. रसाची घनता आरंभीं १.०९० च्या आसपास असते. ती रोज मोजावी. ०.९९५ च्या खालीं येऊन स्थिरावली कीं साखर संपली.

आंबवतांना कार्बन डायॉक्साइड वायु मोठ्या प्रमाणांत निघतो. तो हवेपेक्षां जड असल्यानें खोलींत जमिनीलगत व रिकाम्या टाकींत सांचतो. त्याला वास नाहीं, रंग नाहीं. टाकी धुण्यासाठीं आंत उतरलेला मनुष्य बेशुद्ध पडतो व त्यास काढण्यास उतरलेला दुसराहि तेथेंच पडतो. खोलीस खालच्या बाजूनें वारा असावा, आणि टाकींत कोणीहि एकट्यानें व हवा खेळविल्याशिवाय उतरूं नये. जळत्या दिव्याची परीक्षा यासाठीं पुरेशी नाहीं; दिवा विझण्यापूर्वींच हवा घातक झालेली असते.

यानंतर तांबडी वाईन सालीवरून काढून दाबतात. तिच्यांतील तीव्र मॅलिक आम्लाचें कांहीं जंतु सौम्य लॅक्टिक आम्ल करतात, व वाईन मऊ होते. पुढें गाळ तळाशीं बसला कीं वरची निवळ दुसऱ्या टाकींत घ्यावयाची, व असें दोन-तीन वेळां करावयाचें. टाकी कांठोकांठ भरलेली असावी. वर हवा राहिली तर वाईनचा शिरका होतो. पांढरी वाईन थोड्याच महिन्यांत बाटलींत जाते. तांबडी बहुधा त्याहून अधिक काळ ठेवतात. १०० किलो द्राक्षांतून ६० ते ६५ लिटर वाईन हातीं येते.

७. करार व हिशेब

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे येऊं. परवाना, थंड करण्याची सोय, टाक्या, बाटल्या व विक्री यांचा भार दोन एकरांच्या बागेस एकट्यानें पेलणें कठीण. बहुतेकांनीं माल विकणेंच बरें. आणि ज्यांना स्वतः वाईन करावयाची आहे त्यांनींहि कांहीं हंगाम दुसऱ्याच्या वाईनरीस माल देऊन आपल्या बागेचे आकडे जमवावे.

माल विकणाऱ्यानें खुंट लावण्यापूर्वीं लेखी करार करावा. त्यांत पुढील गोष्टी स्पष्ट असाव्या : जात व क्षेत्र, कराराचीं वर्षें, कमींत कमी साखर व साखरेप्रमाणें दर, एकरीं अधिकांत अधिक किती माल घेणार, नमुना कोण, कोठें व कोणासमक्ष घेणार, पाड झाल्यावर किती दिवसांत उचल करणार व उशीर झाल्यास नुकसान कोणाचें, वाहतूक कोणाची, आणि पैसे कोणत्या तारखेस. उचलीची व पैशाची अशीं दोन कलमें तोंडीं ठेवूं नयेत. २००९ नंतर ज्यांचें नुकसान झालें त्यांच्या बागा वाईट नव्हत्या. माल उचलणारा थांबला एवढेंच.

तसेंच सगळी जमीन या एका पिकाखालीं घालूं नये. घराचा खर्च व कर्जाचा हप्ता इतर पिकांतून निघेल, एवढेंच क्षेत्र वाईनच्या जातींस द्यावें. प्रसंग आलाच तर वेल मुळासकट उपटण्याची घाई करूं नये. मुळें जिवंत व खुंट निरोगी असल्यास त्यावर खाण्याच्या जातीचें कलम पुन्हां बांधतां येतें, व नव्या बागेपेक्षां लवकर पीक मिळतें.

हिशेबाच्या वहींत किलोच्या शेजारीं एक रकाना साखरेचा व एक आम्लाचा ठेवावा. खर्च एकरामागें मांडतात, तसा तो करारांतील साखर भरलेल्या किलोमागेंहि मांडून पाहावा. तीन हंगामांत ही वही सांगेल कीं कोणत्या ओळींत पाणी अधिक पडतें, कोणती छाटणीची तारीख साधली, आणि पुढच्या करारांत कोणता दर मागण्याचा आपला हक्क आहे. खरेदीदार आपल्या नमुन्याचा आकडा घेऊन बोलतो. बागाईतदाराजवळहि त्याच दिवशींचा स्वतःचा आकडा असला म्हणजे बोलणें बरोबरीच्या नात्यानें होतें.